जोड लावताना वय बघा

(कोल्हापुरात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘बालपणातील सामाजिक व भावनिक विकास’. भारदस्त आहे. त्याच्याकडे येऊच, पण सुरुवात एका वाक्यापासून करूया. पाहुणे आले की घराघरांत ते ऐकू येतं : ‘दे की त्याला! बारका हाय तो.’ (हशा)

हसलात, म्हणजे सगळेच म्हणता.

रविवारची संध्याकाळ घ्या. पाहुणे आलेत, पोहे झालेत, चहा ठेवलाय. घरातली सव्वादोन वर्षांची मुलगी पिवळा जेसीबी घेऊन बसलीय. पाहुण्यांचं दीड वर्षाचं पोरगं तिकडं झेपावतं. आई म्हणते, ‘दे की गं.’ पोरगी जेसीबी पोटाशी धरते. आजी म्हणते, ‘शहाणी बाळं असं करतात का?’ आत्या चॉकलेट बंद करण्याची धमकी देते. शेवटी बाबा उठतात, तिची मूठ एकेक बोट करून सोडवतात आणि जेसीबी पाहुण्याच्या हातात देतात. पोरगी भोकांड पसरते. पाहुणा दोन मिनिटांत जेसीबी टाकून दारातल्या चपला चाखायला जातो. (हशा) आणि वर तिलाच ऐकवायचं, ‘एवढं रडायला काय झालं? सॉरी म्हण.’

यात ती वाटून घ्यायला शिकली नाही. अंगानं मोठा असेल त्यानं हिसकावून घ्यायचं असतं, एवढं शिकली. सोमवारी अंगणवाडीत ती तेच करून दाखवते आणि ताईंची तक्रार आली की आपण विचारतो, ‘हे कुठून शिकली?’

आपल्या खासबागेच्या मैदानात कुस्तीची जोड लावताना आधी वजन बघतात. पोरं पाळताना मात्र सव्वादोन वर्षांच्या पोरीला आपण चार वर्षांची कुस्ती लावून देतो. ‘माझं’ हा शब्द दोन वर्षांच्या आसपास येतो. तो हावरटपणा नव्हे. आपण इतरांपासून वेगळे आहोत हे कळल्याची ती पावती आहे. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यात शेजारी बसून आपापलं खेळणं आधी येतं, मिळून खेळणं बरंच नंतर. दोन वर्षांची दोन पोरं एकाच वाळूत पाठीला पाठ लावून बसलेली दिसली, तर ती भांडलेली नसतात. त्यांचं खेळणंच तसं असतं.

दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे उमगायला साधारण चार वर्षं लागतात. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगून हे तपासलं. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठं शोधेल? तीन वर्षांची पोरं बहुधा सांगतात, दुसऱ्या कपाटात. आपल्याला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणारच! घरी लाडवाचा डबा घेऊन करून बघा. लाडू मात्र शेवटी द्या. (हशा)

मग पाहुणे आले की करायचं काय? ते यायच्या आधी दहा मिनिटं मुलीला विचारा, ‘कोणती दोन खेळणी आज कुणालाच द्यायची नाहीत?’ ती तिच्याच हातानं कपाटात ठेवू द्या. बाहेर भरपूर नग असलेल्या वस्तू काढा : ठोकळे, वाट्या-चमचे, कणकेचे दोन गोळे. तरी ओढाओढ झालीच तर ‘तुझं झालं की त्याला दे’ म्हणा आणि तोवर त्या बारक्याला तुम्ही कडेवर घ्या. तीन वर्षांनंतर पाळी लावता येते. पण ‘पाच मिनिटं’ त्या वयाला कळत नाहीत. दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवा, नाहीतर एक बडबडगीत संपेपर्यंत म्हणा. हे फसतं कुठं? पाळी संपल्यावर खेळणं परत द्यायला मोठी माणसंच विसरतात. असं दोनदा झालं की त्या घड्याळाची पत गेली.

ढकलाढकली झाली की म्हणायला लावतो त्या सॉरीचंही तसंच, बळंच म्हणवून घेऊ नका. त्यापेक्षा ‘बघ, त्याचं कोपर लाल झालंय, ओला रुमाल आणूया’ म्हणा. दुखणं आधी दिसू दे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणे, आणि पत्रिकेवरचा विषय अजून दारातच उभा आहे. तर भराभर.

पहिलं, तान्हं बाळ. रडल्यावर उचलून घेतलं तर लाडावतं, ही भीती सोडा. कुणीतरी येतंय हा भरवसा आधी बसतो, स्वतःला सावरणं त्यानंतर.

दुसरं, हट्ट. दीड ते साडेतीन वर्षांत तो येणारच. लागेल असं काही आजूबाजूला असेल तर बाजूला करा, उंची कमी करून जवळ बसा, कमी बोला. भर रडण्यात केलेला उपदेश पोचत नाही. शांत झाल्यावर भावनेला नाव द्या : ‘राग आला होता ना? टॉवर पडला म्हणून?’ सगळ्यात मोठी चूक म्हणजे तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा देणं. त्यातून पोर एवढंच शिकतं की चारदा रडायचं. द्यायचं असेल तर पहिल्यांदाच द्या.

तिसरं, शाळा. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज अडीच वर्षांच्या पोराकडून अक्षरं गिरवून घेणाऱ्यांना तो लावायला हवा. (टाळ्या) २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा खेळातूनच शिकण्याचा धरलाय. आणि शाळेत सोडताना लपून पळू नका. ‘डबा खाऊन झाला की येते’ असं सांगा, हात हलवा, निघा आणि खरंच त्या वेळेला या.

शेवटचं. वर्षाचं मूल हाकेला बघत नसेल, काही हवं म्हणून बोट दाखवत नसेल, हात हलवून टाटा करत नसेल, किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं बंद पडलं, तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्यांनाही सांगा. पण बोलणं बंद पडलं असेल, तर त्या पथकाची वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.