निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा: विमा रकमेआधी कपातीची कलमे वाचा

नमस्कार. साठीच्या आसपास खासगी आरोग्य विमा घेताना आपण विमा रक्कम किती आणि हप्ता किती, एवढेच विचारतो. प्रत्यक्षात बिलाचा किती भाग आपल्या खिशातून जाणार, हे ठरवणारी कलमे वेगळीच असतात.

एक हिशेब पाहू. आकडे पडद्यावर दिसत आहेत. पॉलिसी ५ लाखांची आहे, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे आणि को-पे, म्हणजे मान्य रकमेतला रुग्णाने स्वतः भरायचा वाटा, २० टक्के आहे. रुग्णाने १०,००० रुपयांची खोली घेतली आणि चार दिवसांचे बिल ३ लाख झाले: खोलीभाडे ४०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि परिचर्या यांचे १,६०,००० आणि औषधे व शरीरात बसवलेल्या उपकरणाचे १ लाख. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची असल्याने कंपनी भाडे तर निम्मे करतेच, पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असेल, तर डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही निम्माच धरते. औषधे आणि उपकरणे यांना ही कपात लागू होत नाही. अशा रीतीने मान्य रक्कम २ लाख होते, त्यातून को-पेचे ४०,००० वजा होतात आणि हाती १,६०,००० येतात. उरलेले १,४०,००० रुपये रुग्णाने भरायचे, आणि तेही ५ लाखांची पॉलिसी असताना! म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली, तरी मला ती अधिक योग्य वाटते.

पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळतच नाही, हा समज आता सोडायला हरकत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना सर्व वयोगटांसाठी योजना आणता येतात. मात्र तपासणीनंतर कोणाला पॉलिसी द्यायची, हा निर्णय कंपनीचाच असतो. त्याच नियमांनी आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याला साठाव्या वर्षी पॉलिसी घेणे आणि सहासष्टाव्या वर्षी घेणे यांतला फरक इथे कळतो. नोकरीतल्या सामूहिक विम्यावर विसंबून असणाऱ्यांनी तर निवृत्तीच्या आधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, याची लेखी चौकशी करावी. तसे जाता आले, तर आधी पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.

हप्ता परवडत नसेल, तर लहान मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेवरचा खर्च देणारी जोड पॉलिसी, घेणे हा चांगला पर्याय आहे. समजा, वजावटीची मर्यादा, म्हणजे जिच्यावरचाच खर्च ही जोड पॉलिसी देते ती रक्कम, ५ लाख आहे आणि एकाच वर्षात ४ लाख व ३ लाख अशी दोन बिले आली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल स्वतंत्र मोजतो, त्यामुळे काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि मर्यादेवरचे २ लाख देतो. नावे सारखी असल्याने एजंटकडून हा फरक स्पष्ट करून घ्यावा.

हप्त्याबाबत दोन बदल ज्येष्ठांच्या बाजूचे आहेत. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी लागते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, आणि खासगी पॉलिसी असली तरी ते घेता येते. आपल्या पसंतीचे रुग्णालय त्या योजनेच्या यादीत आहे का, एवढे मात्र आधी पाहावे.

प्रस्ताव अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला, तरी सही करण्याआधी स्वतः वाचावा आणि जुना आजार, शस्त्रक्रिया, चालू गोळ्या असे सर्व त्यात लिहावे. पॉलिसी हाती आल्यावर ती न पटल्यास परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात, तेवढ्या अवधीत को-पे, खोलीभाडे आणि मोतीबिंदूसारख्या उपचारांवरच्या मर्यादा ग्राहक माहितीपत्रकात तपासून घ्याव्यात.