खाडीपलीकडे: कोरलई ते विजयदुर्ग, किनाऱ्याच्या रस्त्याने

(गाडीच्या काचेतून. नारळ, कौलं, मधेच समुद्र)

कोकणात उतरायला हायवे आहे आणि सगळे तिथूनच जातात, आम्ही पण इतकी वर्षं तिथूनच गेलो. यावेळी दोघांनी ठरवलं की हायवेला लागायचंच नाही, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि खाली खाली जात राहायचं. गाडी हा चालवतोय, कॅमेरा माझ्याकडे.

हा समोर डोंगराच्या धारेवर दिसतोय तो कोरलईचा किल्ला, खाली कुंडलिकेचं मुख, पलीकडे रेवदंडा. किल्ला पोर्तुगीजांचा, १७४० मधे मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज गेले. भाषा मात्र राहिली. पायथ्याच्या ख्रिश्चन वस्तीत आजही घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी एकमेकांत मुरून झालेली आहे, तिला ते नौ लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. दुकानात मराठी, बाजारात मराठी, आणि उंबऱ्याच्या आत ही. जरा ऐका.

(दोन मावश्या ओट्यावर बोलतायत. निवेदन थांबतं)

जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी निघते आणि बराच वेळ समोर नुसता तट दिसत राहतो, दरवाजा कुठेच नाही. होडी अगदी भिंतीला लागायला आली की दोन बुरुजांच्या मधे तो उघडतो, हा बघा, आत्ता. बाजूला दगडात कोरलेला प्राणी, त्याच्या पंजात हत्ती. सिद्दींचा हा किल्ला शेवटपर्यंत कोणाला लढून घेता आला नाही, आणि त्याचं निम्मं कारण ह्या दरवाज्यात आहे असं मला तरी वाटतं.

आता फेरीबोट. राजपुरीची खाडी, मग बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. प्रत्येक ठिकाणी रस्ता संपतो, म्हणजे डांबर थेट पाण्यात उतरतं. दाभोळचं शूटिंग आम्ही सगळ्यात जास्त केलंय, कारण तिथे गाडी चढवणं ही एक कलाच आहे. इकडे ह्या बोटीला जंगलजेटी म्हणतात. तिला तोंड एकच, त्यामुळे गाडी रिव्हर्समधे चढवायची म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. ओहोटी असली की उतार वाढतो, चाकाखाली ओलं असतं, आणि हे दादा नुसत्या हाताच्या खुणेने, येऊ दे येऊ दे, डावीकडे मार, बस्स, असं करत एका गाडीच्या आरशापासून चार बोटांवर दुसरी लावतात. जीप, टेम्पो, आमची गाडी, मग उरलेल्या फटींत बाइका, मग माणसं, एक बाई माशाची पाटी घेऊन, दोन पोरं सायकल धरून. फळी वर उचलली जाते, भोंगा वाजतो आणि दहाएक मिनिटांत धोपावे. रस्त्याने हेच करायचं तर चिपळूणपर्यंत वळसा.

आणि मधल्या पाण्यातून मागे वळून बघितलं की दाभोळ समजतं. रस्त्याने आलात तर ते एका टोकाचं गाव वाटतं, पाण्यातून बघितलं की कळतं की गावाचं तोंडच इकडे आहे. बहमनी आणि मग आदिलशाही काळात हे मोठं बंदर होतं, मक्केला जाणारे यात्रेकरू इथून जहाजात बसायचे. किनाऱ्याजवळची ही घुमटाची मशीद, गावात तिला अंडा मशीद म्हणतात, त्याच दिवसांतली. ही सगळी गावं खाडीच्या तोंडाशीच का, ते बोटीतूनच दिसतं.

रेवस-रेडी सागरी महामार्गात ह्या मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचेत, वेळ वाचेल, बोटीवरची माणसं दुसरं काम बघतील.

हेदवीची बामणघळ. खडकातली अरुंद भेग, भरतीची लाट आत शिरते आणि सरळ वर उडते. काही बोलत नाही, बघा.

(लाट. पुन्हा लाट)

रत्नागिरी. हा लाल राजवाडा ब्रह्मदेशच्या राजाचा. थिबा, मंडालेचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ मधे गादीवरून काढला आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. वाडा पुरा व्हायलाच १९१० उजाडलं, आणि १९१६ मधे तो इथेच गेला, तीस वर्षं झाली होती तोवर. वरच्या खिडक्यांच्या रंगीत काचा बघा, कसा उजेड पडलाय. आणि ह्याच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात! म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत, एकाच वेळी, आणि पाठवणारे तेच. मी हे कितीतरी वेळ त्या व्हरांड्यात ह्याला सांगत बसले होते.

शेवटचा मुक्काम विजयदुर्ग. पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा किल्ला, आत हे दगडी चौथरे, साहेबाचे ओटे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला इथे दुर्बिणी लावल्या होत्या असं गावात सांगतात. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक वेगळीच पिवळी रेघ दिसली, ती पुढे एका नव्या वायूची निघाली, तोच हेलियम. हेलियमच्या शोधात ज्यांचं नाव घेतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरसाहेब इथेच बसले होते असंही ऐकायला मिळतं, ते मात्र खरं नाही, त्यांना ती रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमधे इंग्लंडातून दिसली. तरी दरवर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो, आणि एखाद्या बंदराच्या गावाने सूर्यातल्या वायूचा दिवस पाळावा हे मला फार आवडलं.

ऊन उतरलंय. खाली होड्या परत येतायत, हा ओट्यावर बसून उद्याच्या पहिल्या फेरीची वेळ बघतोय. परत जायचं ते पण ह्याच रस्त्याने.