हजार मैलांची खेप : ऑस्ट्रेलियाच्या लांब पल्ल्याच्या जुन्या ट्रकांची गोष्ट

[पडद्यावर: ॲलिस स्प्रिंग्जचं नॅशनल रोड ट्रान्सपोर्ट हॉल ऑफ फेम. हिरवट रंगाचा, आठ चाकांचा जुना एईसी ट्रक.]

या गाडीच्या आठही चाकांना इंजिनाची ताकद मिळते. मागे दोन ट्रेलर जोडायचे, त्यांनाही प्रत्येकी आठ चाकं. १३० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, पंधरा टन माल, आणि वेग तासाला पन्नास किलोमीटरच्याही आतच. इंग्लंडच्या एईसी कंपनीने बनवलेली ही गाडी १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात उतरली आणि सरकारी मालकीची म्हणून नॉर्दर्न टेरिटरीत कामाला लागली.

एवढा जामानिमा कशासाठी, हे नकाशा पाहिला की कळतं. दक्षिणेकडून आलेली रेल्वे १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला येऊन थांबली होती. उत्तरेकडून, डार्विनहून निघालेली रेल्वे बर्डमला संपत होती. मध्ये सुमारे हजार किलोमीटरची लाल माती, कोरडे नदीपात्र आणि वाळू. हे अंतर रुळांनी जोडलं जायला २००४ साल उजाडलं. तोवर मधली सत्तर वर्षं माल कुणी वाहिला? ट्रकांनी.

आणि ट्रकांच्या आधी उंटांनी. १८६० मध्ये एका मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला नेले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे तो जहाजी माल आपल्याच इलाख्याच्या बंदरातून गेला. पुढे हजारो उंट गेले, त्यांच्याबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तानातले उंटवाले गेले. तिथे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणायचे. पाण्याच्या टाक्या, तारेची भेंडोळी, लोकरीचे गठ्ठे, पिठाची पोती, सगळं त्यांच्या पाठीवरून गेलं. ट्रक आले तसं त्यांचं काम गेलं. अनेकांनी आपले उंट मारण्याऐवजी मोकळे सोडले, आणि आज त्या वाळवंटात हिंडणारे रानटी उंट हे त्यांचेच वंशज. त्या माणसांची नावं ट्रकांच्या इतिहासात पहिल्या पानावर हवीत, असं मला मनापासून वाटतं.

[पडद्यावर: वळणावरून जाणारे जोड-ट्रेलर, मागची चाकं पुढच्या चाकोरीतूनच जातात.]

एईसीची खरी करामत इंजिनात नव्हती, ट्रेलरमध्ये होती. साधा ट्रेलर वळणावर आतल्या बाजूला कापत जातो. दोन-तीन ट्रेलर एकामागे एक लावले तर शेवटचा ट्रेलर रस्ता सोडून झाडावर जायचा. या ट्रेलरची पुढची आणि मागची, दोन्हीकडची चाकं वळायची, त्यामुळे अख्खी माळ एकाच चाकोरीतून जायची.

हे सगळं कर्ट योहानसेन नावाचा ॲलिस स्प्रिंग्जचा एक तरुण बारकाईने पाहत होता. जन्म १९१५ चा, ॲलिसच्या दक्षिणेला डीप वेल नावाच्या ठिकाणचा. दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर टपाल आणि सामान पोचवणं हे त्याचं काम. हाती आलेल्या लोखंडातून हवी ती वस्तू बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग युद्ध आलं. १९ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले. ॲलिसहून उत्तरेकडे लष्करी ट्रकांचे ताफे रात्रंदिवस धावू लागले आणि त्या धावपळीत उत्तर-दक्षिण रस्ता डांबरी झाला. युद्ध संपल्यावर लष्कराने नको असलेल्या गाड्या विकायला काढल्या. योहानसेनने त्यातून एक अमेरिकन डायमंड टी उचलली, रणगाडे ओढण्यासाठी बनवलेली. तिचं नाव ठेवलं बर्था. स्वतःच्या हाताने एकाच चाकोरीत चालणारे ट्रेलर बांधले आणि त्यात गुरं भरून निघाला.

तोपर्यंत गुरं बाजाराला पायी जात. शेकडो किलोमीटरची चाल, वाटेत वजन उतरायचं, दुष्काळात पाणी नसलं की कळपच्या कळप वाटेतच बसायचे. बर्थाने महिन्यांची वाट दिवसांवर आणली. आज ऑस्ट्रेलियात ‘रोड ट्रेन’ म्हणून साडेत्रेपन्न मीटर लांबीपर्यंतच्या गाड्या कायदेशीर धावतात, त्यांची खासगी धंद्यातली सुरुवात इथे आहे. पुढे कॅथरीनच्या नोएल बंटाइनने गुरांच्या वाहतुकीचा मोठा ताफा उभा केला. त्याच्या नावाने आज उत्तरेत एक हायवे आहे. बर्था मात्र ॲलिसमध्येच आहे.

[पडद्यावर: हिरव्या टेकड्या, दोन पदरी जुना डांबरी रस्ता. ह्यूम हायवे.]

उत्तरेत शत्रू होतं अंतर. दक्षिणेत, सिडनी-मेलबर्नच्या बाजूला, शत्रू होता कायदा. आणि मला विचाराल तर ऑस्ट्रेलियाच्या जुन्या ट्रकांचा निम्मा इतिहास इंजिनापेक्षा कायद्याच्या पुस्तकात सापडतो.

प्रत्येक राज्याची रेल्वे सरकारी. तिचा धंदा बुडू नये म्हणून ट्रकवाल्याला परवाना काढावा लागे आणि वर मैलामागे पैसे भरावे लागत. गंमत अशी की त्या रेल्वेचे रूळही एकमेकांना जुळत नव्हते. दोन रुळांमधलं अंतर व्हिक्टोरियात १६०० मिलिमीटर, न्यू साउथ वेल्समध्ये १४३५, क्वीन्सलंडमध्ये १०६७. मेलबर्नहून सिडनीला निघालेला माल सीमेवर, ऑल्बरीला, एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. हा खेळ १९६२ पर्यंत चालला. व्यापाऱ्याला ट्रक हवा होता, यात नवल काय?

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत ९२ वं कलम आहे: राज्याराज्यांमधला व्यापार पूर्णपणे मुक्त राहील. ह्यूज अँड वेल नावाच्या मालवाहतूक कंपनीने याच कलमावर बोट ठेवून न्यू साउथ वेल्सला कोर्टात खेचलं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील-कोर्टापर्यंत, गेलं आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये निकाल ट्रकवाल्यांच्या बाजूने लागला.

त्यानंतर सिडनी-मेलबर्न जोडणाऱ्या ह्यूम हायवेवर जी झुंबड उडाली, ती कुणाला आवरता आली नाही. ज्याच्याकडे हप्त्यावर का होईना एक ट्रक आहे तो धंद्यात उतरला. केन थॉमसने १९४६ मध्ये एका ट्रकवर सुरू केलेला धंदा वाढत वाढत टीएनटी ही मोठी वाहतूक कंपनी झाला. मेलबर्नच्या लिंडसे फॉक्सने १९५६ मध्ये एका ट्रकवर सुरुवात केली, हिवाळ्यात जळण आणि उन्हाळ्यात थंड पेयं वाहिली. त्याचीच आजची लिनफॉक्स.

परवान्यातून आणि मैलामागच्या पैशांतून ही सूट फक्त आंतरराज्य मालाला होती. मग राज्यातल्या राज्यात माल न्यायचा तर काय करायचं? ट्रक सीमेच्या पुलावरून पलीकडे न्यायचा, वळवायचा, परत आणायचा. झाला आंतरराज्य! त्या पुलावरून मारलेल्या फेऱ्यांवरून पुन्हा खटले झाले, आणि न्यायाधीशांना एका ट्रकचा प्रवास नेमका कुठे सुरू झाला नि कुठे संपला यावर पानंच्या पानं लिहावी लागली.

[पडद्यावर: कॉमर ट्रकची केबिन. मग जवळून: इंजिन. आवाज काही क्षण तसाच राहू द्यावा.]

हा आवाज ऐका. हा कॉमर, रूट्स कंपनीचा ब्रिटिश ट्रक, आत टीएस-थ्री इंजिन. १९५४ मध्ये आलेलं. सिलिंडर तीन, पण पिस्टन सहा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात, त्यांच्या मध्ये डिझेल पेटतं आणि दोघं विरुद्ध दिशांना फेकले जातात. दोन्हीकडे लांब दांडे, ते खालच्या एकाच क्रँकला फिरवतात. सिलिंडरला वरचं हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. सव्वातीन लिटरचं इंजिन, ताकद १०५ अश्वशक्ती. त्या काळी एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद ही मोठी गोष्ट होती. तिथले ड्रायव्हर याला ‘नॉकर’ म्हणत.

हे इंजिन आडवं, ड्रायव्हरच्या सीटखाली बसवलेलं. त्यामुळे गाडी हलकी आणि केबिन प्रशस्त. वजन जितकं कमी तितका माल जास्त, आणि माल जास्त तर हप्ता लवकर फिटतो, म्हणून मालक-चालकांचा यावर जीव. पण इंजिन सीटखाली म्हणजे भट्टीही सीटखालीच. जानेवारीत तिकडे भर उन्हाळा. पत्र्याची केबिन, वातानुकूलन नाही, खालून गरम वाफ, आणि कान फोडणारा कडकडाट. सिडनी ते मेलबर्न सुमारे नऊशे किलोमीटर याच केबिनमध्ये बसून.

रस्त्यावर इतरही होते. लेलँडचे बीव्हर आणि कॉमेट. कॉमेट म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या जाणत्यांनाही काही आठवेल, कारण त्याच घराण्याचा कॉमेट पन्नासच्या दशकात मद्रासला बनू लागला आणि आपल्या घाटांतूनही चढला. शिवाय फोडेन, ॲटकिन्सन, एईसी, इंटरनॅशनल. ब्रिटिश गाड्या टिकाऊ आणि डिझेलला कमी, पण त्या इंग्लंडच्या छोट्या अंतरांसाठी बनलेल्या. चढावर दम लागायचा. ह्यूमवरच्या गोलबर्न गावाच्या अलीकडच्या-पलीकडच्या चढणींवर रात्री भरलेल्या ट्रकांची रांग चालण्याच्या वेगाने सरकायची.

उतारावर मग तो वेळ भरून काढायचा. कसा? गाडी न्यूट्रलला सोडून. तिथल्या ड्रायव्हरांच्या भाषेत ‘एंजल गिअर’. पंधरा-वीस टनांचा डोलारा, ड्रमचे ब्रेक, समोर अरुंद पूल. यात किती जण गेले ते रस्त्याकडेची जुनी स्मारकं सांगतात. झोप येऊ नये म्हणून गोळ्या खाणंही सर्रास होतं. या काळाबद्दल फक्त कौतुकाने बोलणं मला योग्य वाटत नाही. भाडं इतकं कमी होतं की झोपणाऱ्याचा हप्ता चुकायचा.

[पडद्यावर: दोन गिअर-दांडे. ड्रायव्हरचे हात जवळून.]

साठीच्या दशकात अमेरिकन यंत्रं वाढली. मॅक बी-६१, डेट्रॉइटची किंचाळणारी टू-स्ट्रोक इंजिनं, कमिन्स. आणि हे दोन दांडे. एक मुख्य गिअरबॉक्सचा, दुसरा त्याच्या मागे जोडलेल्या छोट्या बॉक्सचा. त्याला तिथे ‘जोई बॉक्स’ म्हणतात. जोई म्हणजे कांगारूचं पिल्लू. काही बदलांमध्ये दोन्ही दांडे एकाच वेळी हलवावे लागतात. मग ड्रायव्हर एक हात स्टिअरिंगच्या चाकातून आरपार घालतो, कोपराने चाक धरून ठेवतो, आणि दोन्ही पंजांनी दोन दांडे ओढतो. इंजिनाचे फेरे चुकले तर गिअर बसत नाही, आणि चढावर गिअर बसला नाही तर भरलेली गाडी जागीच उभी. ही कला पुस्तकातून येत नाही.

आता पुन्हा कायदा. १९५४ ला हरलेल्या राज्यांनी नवी वाट काढली: रस्त्याची झीज भरून काढण्याचा कर. व्हिक्टोरियाने सुरू केला, न्यू साउथ वेल्सनेही १९५८ मध्ये लावला. टनामागे दर मैलाला पेनीचा तिसरा हिस्सा. ऐकायला किरकोळ. पण गाडी रिकामी परतली तरी कर चालूच. मैलांचा हिशेब ड्रायव्हरने स्वतः लिहून पाठवायचा, कर थकला तर कोर्ट, दंड, काहींना तुरुंग.

२ एप्रिल १९७९. सिडनीच्या नैर्ऋत्येला, कॅम्डन आणि पिक्टनच्या मध्ये रेझरबॅकचा चढ. काही मालक-चालकांनी ट्रक आडवे लावून ह्यूम हायवे बंद केला. पुढे होता टेड स्टीव्हन्स, सीबी रेडिओवरचं, म्हणजे ड्रायव्हर एकमेकांशी बोलायला वापरत त्या बिनतारी संचावरचं, नाव ‘ग्रीनडॉग’. सीबी रेडिओला ऑस्ट्रेलियात परवानगी मिळून दोनच वर्षं झाली होती, आणि त्याच रेडिओवरून बातमी केबिनमधून केबिनमध्ये गेली. बघता बघता इतर राज्यांतले रस्ते अडले. आठवड्याहून जास्त दिवस हे चाललं आणि राज्यांना तो कर काढून टाकावा लागला. यामागे मोठी संघटना नव्हती, तिजोरी नव्हती. हप्त्यांनी वाकलेली माणसं आणि त्यांच्या गाड्या, एवढंच होतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं पान.

[पडद्यावर: केनवर्थ एसएआर, शेजारी व्होल्व्हो जी-८८.]

सत्तरच्या दशकात गाड्या तिथेच बनू लागल्या. केनवर्थ १९७१ पासून मेलबर्नजवळच्या बेजवॉटरला, मॅक आणि व्होल्व्हो ब्रिस्बेनला. आणि या गाड्यांच्या अंगावर तिथला कायदा सरळ वाचता येतो. पूर्वेकडच्या राज्यांत गाडीच्या एकूण लांबीवर मर्यादा, म्हणून केबिन इंजिनाच्या वर बसवलेल्या सपाट तोंडाच्या गाड्या जास्त. ज्यांना बॉनेट हवंच होतं त्यांच्यासाठी केनवर्थने आखूड नाकाची एसएआर काढली: आखूड, ऑस्ट्रेलियन, उजवीकडे स्टिअरिंग असलेली. स्वीडनच्या व्होल्व्होला तर पुढचा आस (ॲक्सल) सुमारे तीस सेंटिमीटर पुढे सरकवावा लागला, कारण दोन आसांमधल्या अंतरावर तिथे वजनाची परवानगी ठरत होती. तीच ही जी-८८. दाराची पायरी आणि चाकाची जागा नीट पाहिलीत तर फरक लगेच दिसतो.

[पडद्यावर: जुन्या ट्रकांची रांग, जुन्या ह्यूमवर. बाजूला खुर्च्या टाकून बसलेली माणसं.]

ह्यूम हायवे आता सगळा चौपदरी आहे. २०१३ मध्ये होलब्रुकला वळसा घालणारा रस्ता झाला आणि वाटेतलं शेवटचं गाव टळलं. पण जुन्या रस्त्याचे तुकडे अजून आहेत, आणि ‘हॉलिन द ह्यूम’ नावाच्या फेरीत जुने ट्रक त्या तुकड्यांवरून सिडनीकडून यास गावापर्यंत चालवत नेतात. यातल्या कित्येक गाड्या गवतात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गंजत पडलेल्या होत्या. लाकडी सांगाड्याच्या केबिन कुजलेल्या. टीएस-थ्रीचे सुटे भाग नवे मिळत नाहीत, तेव्हा दोन-तीन मेलेल्या इंजिनांतून एक जिवंत करायचं.

गाड्या वाचतायत, हे चांगलंच आहे. ॲलिसच्या संग्रहालयात गाड्यांबरोबर ड्रायव्हरांच्या नावांची भिंतही आहे, तीही महत्त्वाची. पण खेपेच्या पावत्या, मैलांच्या वह्या, कराच्या नोटिसा, हप्त्यांची पत्रं अजून लोकांच्या घरी माळ्यावर आहेत, आणि घरं विकली की ती रद्दीत जातात. नॉकर किती जोरात वाजायचा हे गाडी सांगते. त्या खेपेत ड्रायव्हरच्या हाती शेवटी किती पैसे उरले, हे त्या वह्याच सांगतात. त्या आधी गोळा व्हायला हव्यात, कारण त्यांतलं अक्षर ज्यांचं आहे, ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.