एका इमारतीतल्या अठरा हजार कंपन्या

श्रोतेहो, नमस्कार.

कॅरिबियन समुद्रात केमन नावाची तीन छोटी बेटं आहेत. 1962 साली जमैका स्वतंत्र झाला, तेव्हा ती ब्रिटनकडेच राहिली. त्या काळी तिथं डास इतके, की गुरं गुदमरून मरत. पुरुषमाणसं पोटासाठी बोटीवर जात. अशा जागी बेटांच्या सरकारनं 1960 मध्ये कंपनी कायदा केला, 1966 मध्ये बँकांचा आणि पुढच्याच वर्षी ट्रस्टचा. मिळकतीवर कर नाही, नफ्यावर कर नाही, फक्त नोंदणीची फी. त्याच दशकात तिथं एक वकिली फर्म उभी राहिली, तिचं पुढं नाव झालं मेपल्स अँड काल्डर.

हिची भरभराट कशानं झाली? निव्वळ करमाफीनं नाही, असं मला वाटतं. करमाफी तर आणखी कितीतरी बेटं देतात. केमनचा कायदा इंग्लंडच्या वळणाचा, आणि शेवटचं अपील थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठाकडे. कोट्यवधी डॉलर उसने देणाऱ्या बँकेला हाच मोठा दिलासा. मग आपला गुंतवणुकीचा फंड केमनमध्ये नोंदवणाऱ्या हाँगकाँगच्या फंडवाल्याला केमनचे कागद आज संध्याकाळपर्यंत हवे असतात, आणि केमनमध्ये तेव्हा रात्र! म्हणून फर्मनं लंडन, डब्लिन, दुबई, हाँगकाँग, सिंगापूर इथं कार्यालयं थाटली. हाँगकाँगच्या कार्यालयातले तिचे वकील काम करतात ते हजारो मैलांवरच्या बेटाच्या कायद्याचं. दुसऱ्या धंद्यात असं क्वचितच दिसेल.

राजधानी जॉर्ज टाउनमध्ये अगलंड हाऊस नावाची पाच मजली इमारत आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं 2008 साली मोजदाद केली, तेव्हा त्या एका पत्त्यावर 18,857 कंपन्या आणि संस्था नोंदलेल्या निघाल्या. प्रत्यक्ष इमारतीत बसत होती ती एकटी ही फर्म. यात बेकायदा काही नाही. नोंदणीकृत पत्ता पुरवणं हा फर्मच्या सेवेचाच भाग. पण कंपनीचा खरा मालक कोण, हे ज्या देशातून नफा निघतो त्या देशाला कळलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

याची झळ मुंबईपर्यंत आली होती. 2007 मध्ये व्होडाफोननं हाँगकाँगच्या हचिसन कंपनीचा इथला मोबाइलचा धंदा घेतला, तो ज्या केमनमधल्या कंपनीमार्फत हचिसनच्या हाती होता तिचा अवघा एक शेअर विकत घेऊन. धंदा भारतातला, ग्राहक तुमच्याआमच्यासारखे, व्यवहार मात्र परदेशात. आयकर खात्यानं या व्यवहारावर सुमारे 11,000 कोटी रुपयांचा कर मागितला. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खात्याच्या बाजूनं कौल दिला, जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. सरकारनं त्याच वर्षी पूर्वलक्षी प्रभावानं, म्हणजे आधीच्या व्यवहारांनाही लागू होईल असा, कायदाच बदलला. तो बदल मागे घेतला गेला 2021 मध्ये.