आमराईतली फट
(साताऱ्यात डिस्क गोल्फ, म्हणजे कमीत कमी फेकींत चकती बास्केटमध्ये टाकायचा खेळ, शिकणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

या टेबलावर दोन चकत्या ठेवल्यात. लाल आहे ती कोरी, पातळ कडेची, लांब पल्ल्याची ड्रायव्हर. निळी आहे ती पटर, जवळून बास्केटमध्ये टाकायची, सहा वर्षं वापरलेली. जरा हातात घेऊन पुढं पाठवा. निळीच्या कडेवरून बोट फिरवा, खरखर लागेल. प्रत्येक खाच म्हणजे एकेक झाड आहे. माळावर फेकायची तर मीही लालच उचलेन. झाडीत मात्र माझा हात निळीकडं जातो. का, ते आज सांगायचंय.

चकतीवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा आणि चौथा शेवटच्या वळणाचा. पटरचा वेग दोन-तीन असतो, मधल्या पल्ल्याच्या मिडरेंजचा चार-पाच, या लाल ड्रायव्हरचा बारा. हा आकडा म्हणजे चकती किती लांब जाईल याची हमी नव्हे. आपल्याकडून ती किती वेग मागते, ते तो सांगतो.

आपल्यातले बहुतेकजण उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकतात. ती चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. जोरात असेपर्यंत तिचा कल उजवीकडं असतो, वेग पडला की ती डावीकडं झुकते. फिरकी शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकते, पडतो तो पुढं जाण्याचा वेग. आता बघा, झाडीत शिरलं की माणूस आपोआप जपून फेकतो. जपून फेकलेल्या बारा वेगाच्या चकतीला हवा तेवढा वेग मिळतच नाही. ती लवकरच डावीकडं वाकते आणि नेमकी खोडावर जाते. मग मुलं म्हणतात, “सर, नेम चुकला.” नेम बरोबर होता रे, चकती चुकली. तोच हात, तोच जोर आणि हातात पटर, तर ती त्याच गल्लीतून सरळ निघते.

जुनी निळी कशासाठी, तर चकती आदळून आदळून झिजते तशी तिची डावीकडची ओढ कमी होत जाते. नवी असताना ही शेवटी वळायची, आता हळू सोडली तरी सरळ तरंगते. म्हणून झिजलेली चकती कुणाला देऊन टाकू नका.

आता फटीचं गणित. आपण सराव करतो ती आमराई तुम्ही पाहिलीय. कलमांच्या दोन ओळींत दहा मीटर अंतर, पण फांद्या दोन्हीकडून आत आल्यामुळं चालायला मोकळी राहते ती तीनेक मीटरची वाट. समजा ही तीन मीटरची फट तुमच्यापासून 12 मीटरवर आहे. मधोमध नेम धरला तर डावी-उजवीकडं साधारण सात-सात अंशांची मुभा मिळते. तीच फट 20 मीटरवर असली तर मुभा चार अंशांवर येते. आणि 12 मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे 21 सेंटिमीटर. ही चकती मोजा, तीही जवळपास तेवढीच रुंद भरेल. म्हणजे हात एक अंश हलला की चकती स्वतःच्या रुंदीएवढी सरकते. म्हणून मी बास्केटकडं बघू नका म्हणतो. पहिल्या फटीच्या मधोमध एखादं पान धरा, एखादी डहाळी धरा, आणि तिथून चकती न्या. पुढचं पुढं.

रायवळ आंबा असला तर गोष्ट वेगळी. खोडं उंच, खाली मोकळं, चकती डोक्याच्या उंचीवरून खुशाल जाते. कलमांखाली छत खाली येतं. तिथं तरंगणारी चकती वर उठून पानांत अडकते, म्हणून कमी तरंगणारी घ्या, नाक, म्हणजे चकतीची पुढची कड, किंचित खाली ठेवा आणि धावत न येता जागेवरूनच फेका. धावण्यानं जितका जोर वाढतो, त्याहून जास्त नेम हलतो.

वाट डावीकडं वळत असेल तर ओव्हरस्टेबल, म्हणजे शेवटची ओढ जास्त असलेली, चकती बॅकहँडनं. उजवीकडं वळत असेल तर तीच चकती फोरहँडनं, म्हणजे तळहात पुढं ठेवून अंगाच्या बाजूनं, कारण फिरकी उलटते आणि शेवटची ओढही उलटते. फोरहँड टाळत बसू नका. झाडीत त्याच्यावाचून निम्म्या वाटा बंद.

आणि झाडावर आदळलीच तर? गेल्या पावसाळ्यात माझी चकती बांधाजवळ करंजात गेली. समोर दोन खोडांच्या मधून हातभर रुंद फट, पलीकडं बास्केट दिसत होती. मी फेकली. पहिल्यांदा खोड, दुसऱ्यांदा फांदी, तिसऱ्यांदा परत तेच खोड. तीनच्या पारला, म्हणजे तीन फेकींत संपवायच्या बास्केटला, माझे सात झाले. गुडघा टेकून बाजूच्या मोकळ्या वाटेवर दहा मीटर सरकवली असती तर चारात सुटलो असतो. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

या खेळाची साखळ्यांची बास्केट अमेरिकेत 1970 च्या दशकात एड हेड्रिक यांनी आणली. आपली बास्केट गुरं बांधायच्या साखळ्यांची आहे आणि तिचा आवाज मला तरी गोडच लागतो.

शेवटचं, सरावाबद्दल. मोहोर दिसायला लागला की आमराईत पाय ठेवायचा नाही, फळ उतरेपर्यंत नाही. टीसमोरच्या, म्हणजे पहिली फेक करतो त्या जागेसमोरच्या, पाच झाडांना बारदान गुंडाळायचं राहिलंय. चकती साल सोलते, त्या जखमेतून कीड शिरते. पोती माझ्याकडं आहेत, सुतळी तुम्ही आणा. रविवारी सकाळी सात वाजता, आधी झाडं, मग पटर.