सोसायटीच्या रस्त्यावर खरं ओझं कुणाचं? गाड्या सोडा, टँकर मोजा

(हातात लांबट वही, कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार. ही वही बघा. लाल कापडी पाठ, दुमडलेले कोपरे, दोरीला बांधलेलं पेन. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका सोसायटीच्या गेटवरची ही आवक-जावकची वही. वॉचमनकाकांकडून मागून आणलीय, तीही बोलीवर: संध्याकाळी सातला त्यांची ड्यूटी बदलते, त्याआधी परत पाहिजे.

कालचं पान वाचून दाखवतो. "टँकर, ५.४०. टँकर, ६.०५. टँकर, ६.२०. स्कूल बस, ६.५०. टँकर, ७.१०. कचरा गाडी, ७.४५. टँकर..." आणि हे असंच रात्रीपर्यंत. मोजले तर १५ टँकर. प्रत्येक दहा हजार लिटरचा.

आज आपल्याला बोलायचंय ते नव्या वसाहतीतल्या रस्त्यावर किती ओझं येणार हे आधीच कसं काढायचं यावर. जुन्या रस्त्याचं सोपं असतं. कडेला माणसं बसवायची, सात दिवस, चोवीस तास गाड्या मोजायच्या, काही ट्रक थांबवून अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावर, येणारं वजन घ्यायचं. पण जिथे आज ज्वारीचं शेत आहे आणि पाच वर्षांनी पाचशे फ्लॅट असणार आहेत, तिथे मोजणार काय? बैलगाडी?

नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच एका लेआउटच्या रस्त्याचं डिझाइन केलं होतं. वाहतुकीच्या रकान्यात वरिष्ठांनी सांगितलं तेच लिहिलं: "निवासी, हलकी". फ्लॅटची पझेशन मिळायच्या आधी त्या रस्त्याच्या डाव्या बाजूला चाकोऱ्या पडल्या होत्या. पावसाळ्यात त्यांत बेडूक बसायचे. तेव्हापासून "हलकी" हा शब्द मी हिशोबात लिहीत नाही.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा नावाच्या गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं एक प्रयोग चालला, 'आशो रोड टेस्ट'. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सैन्यातले ड्रायव्हर ठरलेल्या वजनाचे ट्रक गोल गोल चालवत होते. अ‍ॅक्सलच्या अकरा लाखांवर फेऱ्या झाल्या. त्यातून निघालेली गोष्ट आजही जगभर वापरतात: रस्त्याचं नुकसान वजनाच्या पटीत वाढत नाही, साधारण चौथ्या घातात वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट.

मोजायला एक माप लागतं. मागच्या बाजूला चार टायरचा एक अ‍ॅक्सल, त्यावर ८० किलोन्यूटन, म्हणजे ८.१६ टन. हा झाला आपला स्टँडर्ड अ‍ॅक्सल. तेवढंच नुकसान करायला पुढच्या दोन टायरच्या अ‍ॅक्सलला ६५ किलोन्यूटन, मागच्या जोडअ‍ॅक्सलला १४८. बाकी प्रत्येक चाकाचं ओझं या मापात उतरवायचं. एक गाडी म्हणजे किती स्टँडर्ड अ‍ॅक्सल, या आकड्याला व्हीडीएफ म्हणतात. त्याचं मराठीकरण मी करत बसत नाही, साइटवर सगळे व्हीडीएफच म्हणतात.

करून बघू. १६.२ टनांचा टँकर घ्या. मागे १०.२ टन, पुढे ६. मागचं: १०.२ भागिले ८.१६ म्हणजे बरोबर सव्वा. सव्वाचा चौथा घात २.४४. पुढचं, ६५ किलोन्यूटनच्या मापाने, ०.६७. बेरीज ३.१. म्हणजे भरलेला टँकर एकदा आत आला की रस्त्यावरून तीन स्टँडर्ड अ‍ॅक्सल गेले. रिकामा बाहेर जातो तेव्हा जवळपास काहीच नाही.

आता कार. दीड टनाची धरा, प्रत्येक अ‍ॅक्सलवर पाऊण टन. चौथा घात घेतला की दोन्ही अ‍ॅक्सल मिळून येतात ०.०००३३. म्हणजे एका टँकरने जेवढी झीज होते, तेवढी करायला नऊ हजारांहून जास्त कार लागतात. इतक्या हलक्या वजनाला चौथ्या घाताचा नियम लावणं म्हणजे थोडं ताणणंच आहे, हे मान्य. पण नऊ हजारांच्या जागी पाच हजार आले तरी निष्कर्ष हलत नाही. म्हणूनच आयआरसी ३७, म्हणजे डांबरी रस्त्याच्या डिझाइनची आपली संहिता, तीन टनांखालची गाडी मोजायलाच सांगत नाही. पार्किंगवरून सोसायटीत भांडणं होतात तो विषय वेगळा. त्या भांडणातली एकही गाडी रस्ता मोडत नाही.

(फळ्याकडे वळून)

आता आपली काल्पनिक वसाहत घेऊ. पाचशे फ्लॅट, साडेपाच मीटरचा डांबरी रस्ता, पंधरा वर्षं. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या साइटचे तुम्ही घाला.

पाणी आधी. माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपलं नेहमीचं प्रमाण. घरात चार माणसं, म्हणजे फ्लॅटला ५४० लिटर. पाचशे फ्लॅटला दोन लाख सत्तर हजार लिटर. सगळं टँकरने आणायचं तर रोज २७ टँकर. बोअर आणि थोडं नळाचं धरून या वहीत १५ दिसतात, तेच घेऊ. १५ गुणिले ३.१ गुणिले ३६५: वर्षाला साधारण १७ हजार स्टँडर्ड अ‍ॅक्सल. पाच वर्षं असं चाललं, मग पाइपलाइन आली आणि टँकर पाचावर आले असं धरू. पंधरा वर्षांत पाण्याचं एकूण १ लाख ४१ हजार.

मग बांधकाम, जे बहुतेक जण विसरतात, कारण ते "तात्पुरतं" असतं. सहा लाख चौरस फूट बांधकामाला, चौरस फुटाला ०.०४ घनमीटरने, २४ हजार घनमीटर काँक्रीट. मिक्सरच्या गाडीत सहा घनमीटर, म्हणजे चार हजार फेऱ्या. खोदाईचा माल नेणाऱ्या हायवा डंपरच्या चार हजार, ब्लॉक, स्टील, वाळू, टाइल्सच्या दोन हजार. दहा हजार भरलेल्या फेऱ्या. भरलेला मिक्सर साधारण २६ टन: पुढे सहा, मागच्या जोडअ‍ॅक्सलवर वीस. त्याचा व्हीडीएफ पावणेचार. सगळ्यांना तोच लावला तर साडेसदतीस हजार.

म्हणजे अख्खं बांधकाम जेवढी झीज करतं, तेवढी टँकर सव्वादोन वर्षांत करतात. पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा मला वाटलं कुठेतरी शून्य चुकलं. उलटं येईल अशी माझी खात्री होती. पण बांधकामाचा त्रास वेगळाच असतो. ते ओझं येतं तेव्हा रस्त्यावर वरचे थर नसतात. खडीकरण झालेलं असतं, पाणी मुरत असतं आणि त्यावरून मिक्सर जातो. आकडा लहान, पण वेळ वाईट.

उरलेलं पटकन. कचऱ्याची मोठी गाडी रोज एक, भरून बाहेर जाते: पंधरा वर्षांत १३ हजार ७००. शाळेच्या बस रोज दहा फेऱ्या: साडेसोळा हजार. डिलिव्हरीचे टेंपो: आठ हजार. आणि कार? सहाशे कार, रोज एक जाणं, एक येणं, पंधरा वर्षं: दोन हजार दोनशेच्या आत. सगळ्या सोसायटीच्या सगळ्या कारची पंधरा वर्षं म्हणजे टँकरचा दीड महिना.

एकूण बेरीज साधारण २ लाख २० हजार. इंजिनिअरच्या भाषेत ०.२२ एमएसए, म्हणजे दशलक्ष स्टँडर्ड अ‍ॅक्सल. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश पाण्याचे.

आता सूत्रवाले कमेंटमध्ये विचारणार, की वाढीचा दर कुठे गेला? आयआरसी ३७ सांगते की दर वर्षी किमान पाच टक्के वाढ धरा आणि चक्रवाढीने बेरीज करा. हायवेला बरोबर आहे. पण नव्या वसाहतीत पहिल्या वर्षी वाहतूक शून्य, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच. इथली वाहतूक पायऱ्यापायऱ्यांनी चढते. एका टॉवरची पझेशन मिळाली की सामान घेऊन टेंपोंची रांग, पुढच्या टॉवरचं काम सुरू झालं की पुन्हा मिक्सर. आणि पाइपलाइन आली की ओझं चक्क कमी होतं. म्हणून मी वर्षवार तक्ता करतो: कुठल्या वर्षी किती फ्लॅट भरले, पाणी कुठून, काम कुठल्या फेजचं. एक कागद, पंधरा ओळी. सूत्रात कोंबण्यापेक्षा हे बरं.

दुसरा घोटाळा तयार व्हीडीएफचा. वजनं घेतलेली नसतील तर संहितेत कोष्टक आहे. दिवसाला दीडशेच्या आत जड गाड्या, सपाट भाग, तर १.७ धरा. ही सरासरी आहे, भरलेल्या आणि रिकाम्या गाड्यांची मिळून. आपले टँकर त्यात टाका: १५ आत, १५ बाहेर, तीस गाड्या गुणिले १.७, आणि दोन पदरी रस्ता म्हणून निम्मे. उत्तर साडेपंचवीस. पण आत येणाऱ्या लेनवर प्रत्यक्षात रोज साडेशेचाळीस येतायत, कारण टँकर आत येताना भरलेला असतो, नेहमी. वाहतूक मोजताना दोन्ही दिशा सारख्या दिसतात, ओझं मात्र एकाच बाजूला असतं. माझ्या त्या पहिल्या रस्त्याला डावीकडेच चाकोऱ्या का पडल्या, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर सगळेच मधून चालवतात, म्हणून तिथे मी दोन्हीकडचं ओझं एकत्र धरलंय.

आणि कागदावरचं वजन खरं धरू नका. १६ जुलै २०१८च्या अधिसूचनेने मागच्या चार टायरच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ तेराच टक्क्यांची दिसते. चौथा घात घ्या: २.४४चे झाले ३.९४. नुकसान साठ टक्क्यांनी जास्त, तेही कायद्यात बसून. कायद्याबाहेरचा १४ टनांचा अ‍ॅक्सल असेल तर ८.७. वाळूच्या गाड्या रात्री कुठल्या रस्त्याने जातात हे गावातल्या चहाच्या टपरीवर कळतं. मी तिथे विचारतो.

(खुर्ची पुढे ओढून)

पण या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो फ्लॅटच्या संख्येत सापडत नाही. हा रस्ता पुढे कुठे जातो?

आपला ०.२२ एमएसएचा रस्ता गेटवर संपतो, हे आपण गृहीत धरलं. समजा तो विकास आराखड्यातला डीपी रस्ता आहे. आज एका टोकाला कुंपण आहे, तीन वर्षांनी ते कुंपण निघणार आणि दोन मोठे रस्ते जोडले जाणार. सिग्नल टाळायला दिवसाला २०० जड गाड्या इकडून वळल्या. दीडशेच्या वर गेलो की कोष्टकातला व्हीडीएफ ३.९. डीपी रस्ता दोन पदरी धरू, म्हणून निम्मे, पाच टक्के वाढ, पंधरा वर्षं. उत्तर ३ एमएसएच्या थोडं वर. आधीच्या चौदापट. शहरी रस्त्यांना संहिता वीस वर्षं धरायला सांगते, तेव्हा आकडा अजून चढेल. दोन एमएसएच्या आत कमी वाहतुकीच्या रस्त्यांची वेगळी मार्गदर्शिका चालते, वर गेलात की आयआरसी ३७. म्हणजे एक कुंपण निघालं आणि डिझाइनचं पुस्तकच बदललं.

म्हणून साइटवर जायच्या आधी मी आराखड्याचा नकाशा काढतो. रस्ता कुठे तुटलाय, जोड कुठे प्रस्तावित आहे, जवळपास खाण किंवा आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचा, प्लांट आहे का, टँकर भरायची विहीर कुठल्या बाजूला आहे. मग शेजारची, पाच-सात वर्षांपूर्वी भरलेली, तशाच आकाराची सोसायटी शोधतो आणि गेटवरची ही वही मागतो. उन्हाळ्याचा एक आठवडा, पावसाळ्याचा एक. वही नसेल तर सोसायटीच्या खजिनदारांना विचारा. टँकरच्या बिलांचा हिशोब त्यांच्याइतका चोख कुणाकडेच नसतो, रागाने ठेवलेला असतो.

आणि बिल्डरला एक गोष्ट मी हमखास सांगतो. सगळा रस्ता एकदम चकाचक करू नका. खालचे थर पूर्ण जाडीचे करा, वर डांबराचा एक थर द्या, की पाणी आत जाणार नाही. शेवटचा थर मोठं बांधकाम आटोपल्यावर टाका. विक्रीच्या लोकांना हे आवडत नाही, त्यांना सॅम्पल फ्लॅटपर्यंत काळाभोर गुळगुळीत रस्ता हवा असतो. मग मी म्हणतो, सॅम्पल फ्लॅटपुरता करा, मिक्सर दुसऱ्या गेटने आणा. याला बहुतेक तयार होतात.

खालच्या मातीचं, मुरूम असेल तर काय आणि काळी माती असेल तर काय, ते पुढच्या भागात. त्यासाठी मला खड्डा खणून दाखवायचाय.

सात वाजायला दहा मिनिटं आहेत. ही वही देऊन येतो.