शरावतीचा कडा

(जुलै. समोरच्या बाजूने कॅमेरा. धुकं सरकतं, कडा उघडा होतो.)

या चार धारा म्हणजे एकच नदी, शरावती. कड्याची उंची २५३ मीटर. मराठी शाळांच्या भूगोलात हा गिरसप्पा धबधबा, इथे कर्नाटकात जोग.

चारही धारांना नावं आहेत: राजा, रोअरर, रॉकेट, राणी. राजाची धार कड्यावरून सुटते ती मध्ये कुठेही न टेकता थेट तळाच्या डोहात. शेजारचा रोअरर अर्ध्यावर खडकावर आदळतो आणि गर्जत राजाकडे झेपावतो. रॉकेटचे झोत एकामागून एक फुटतात. राणी मात्र कडा न सोडता फेसाळत उतरते.

(नदीचं पात्र, वरून.)

उगम शिमोगा जिल्ह्यातल्या अंबुतीर्थाला. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या बहुतेक मोठ्या नद्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघतात. कृष्णा तशीच, तुंगा आणि भद्राही तशाच. शरावती पठारावरून वायव्येला जाते आणि मग पश्चिमेला वळून कड्यावरून खाली येते. होन्नावरच्या समुद्रापर्यंतचा सगळा प्रवास जेमतेम १३० किलोमीटरचा.

(उन्हाळा. तोच कडा, जवळजवळ कोरडा.)

पाणी ओसरलं की खडक नीट पाहता येतो. महाराष्ट्रातल्या घाटांसारखा हा काळा बेसॉल्ट नाही. लाव्हाचे ते थर इतक्या दक्षिणेला नाहीत. हा खडक २५० कोटी वर्षांहून जुना, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत घडलेला. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटलं. इकडे पठाराची कड उंच राहिली, पलीकडे समुद्र आला. त्या कडेवरून पश्चिमेला धावणारे ओढे आखूड, पण उतार तीव्र. ते मागे मागे कोरत पठारात शिरले आणि तिथलं पाणी त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं असावं. शरावतीचं वळण त्यातूनच आलेलं दिसतं.

आता कड्यावरच्या या उभ्या भेगा पाहा. पाणी त्यांत शिरतं, पायथा पोखरतं, आणि शिळाच्या शिळा सुटून खाली येतात. म्हणून इतकी झीज होऊनही कडा उभाच राहतो, त्याचा उतार होत नाही. तळाशी पडलेले हे प्रचंड दगड कधीकाळी कड्याचाच भाग होते.

(धरणाची भिंत. पाण्याचे मोठे नळ.)

नदीच्या वरच्या अंगाला सुमारे ६ किलोमीटरवर लिंगनमक्की धरण, १९६४ सालचं. इथलं पाणी कालव्याने तळकळले जलाशयात आणि तिथून नळांमधून वीजघरात जातं, धबधब्याला वळसा घालून. दरीतलं जुनं वीजकेंद्र १९४८ पासूनचं. नदीने ज्या उतारासाठी कोट्यवधी वर्षं खडक कापला, त्याच उतारावर ही वीज तयार होते. जलाशयाखाली गावं गेली, माणसांना घरं सोडावी लागली.

चारही धारा भरून दिसतात त्या पावसाळ्यात. धरणाचे दरवाजे उघडले की आणखी. वीज हवीच. पण या कड्यावरून वर्षभर थोडं तरी पाणी ठरवून सोडायला हवं.